एक ठिपका, हजार ठिपके : यायोई कुसामा नेमकं करतात तरी काय?

फोनवर बोट फिरवताना हे चित्र तुमच्याही समोरून गेलं असेल. समुद्रात घुसलेला सिमेंटचा धक्का, त्याच्या टोकाला माणसाहून उंच पिवळाधमक भोपळा आणि भोपळ्याच्या फुगवट्यांवर लहानमोठ्या काळ्या ठिपक्यांच्या उभ्या रांगा. नाहीतर काळोख्या खोलीत उभी असलेली एखादी मुलगी आणि तिच्या वर-खाली, चहूकडे लुकलुकणारे न संपणारे दिवे. दोन्ही कामं एकाच बाईंची आहेत. यायोई कुसामा, जन्म १९२९, गाव मात्सुमोतो, जपान. मुंबईतही वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात त्यांचं ‘क्लाउड्स’ लोकांनी पाहिलं आहे : जमिनीवर पारा सांडावा तसे स्टीलचे चकचकीत ढग.

लोक फोटो काढतात आणि परतताना विचारतात, “छान होतं, पण यात एवढं काय आहे? ठिपके तर कुणीही काढेल.” प्रश्न रास्त आहे. मीसुद्धा बराच काळ त्याच प्रश्नापाशी अडकले होते. उत्तर सापडलं ते एकेक काम सुटं न बघता त्यांचा क्रम लावल्यावर. हातात आधी काय आलं, मग काय आलं आणि आधीचं का सोडलं, या क्रमानेच पुढे जाऊ.

आधी ‘मिश्र माध्यम’ म्हणजे काय?

कुसामांना मिश्र माध्यमाच्या कलावंत म्हणतात. चित्रकार रंगात काम करतो, शिल्पकार दगडात किंवा धातूत. मिश्र माध्यमात रंग, कापड, लाकूड, आरसे, छापील कागद, दिवे, कधी माणसाचं अंगसुद्धा, जे लागेल ते वापरता येतं.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. घरातली जुनी गोधडी आठवा. तिच्यात आजीचं लुगडं असतं, काकाच्या शर्टाची बाही असते, कुठल्यातरी पडद्याचा तुकडा असतो. सामग्री वाट्टेल ती. पण या टोकापासून त्या टोकापर्यंत टाका एकच असतो, धावदोरा. त्या एका टाक्यामुळे चिंध्यांची गोधडी होते. कुसामांच्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या कामात कापडं सतत बदलत गेली, धावदोरा मात्र बदलला नाही. तो धावदोरा म्हणजे एकच छोटी खूण पुन्हा पुन्हा, थकेपर्यंत आणि थकल्यावरही करत राहणं.

बियाण्यांच्या घरातली मुलगी

मात्सुमोतो हे नागानो प्रांतातलं डोंगरांनी वेढलेलं गाव. कुसामांच्या घराण्याचा धंदा बियाण्यांचा आणि रोपांचा. चार भावंडांत यायोई धाकटी. घर खाऊनपिऊन सुखी, पण आत धुमसणारं. वडील बाहेरख्याली, आणि त्यांच्या मागावर आई या लहान मुलीलाच पाठवायची. मुलीने चित्र काढलेलं आईला खपायचं नाही. चित्रं हिसकावून फाडली जायची.

दहाएक वर्षांची असताना तिला भ्रम होऊ लागले. भ्रम म्हणजे बाहेर नसलेली गोष्ट खरीच दिसणं किंवा ऐकू येणं. त्यातला एक प्रसंग त्यांनी पुढे अनेकदा सांगितला आहे. टेबलावर लाल फुलांच्या नक्षीचं कापड होतं. त्याकडे टक लावून बघितल्यावर तिने मान वर केली, तर तीच फुलं छतावर, खिडकीवर, भिंतींवर आणि शेवटी तिच्या स्वतःच्या अंगावर पसरलेली. आपण पुसले जातोय, आता उरणारच नाही, या भीतीने ती पळत सुटली. आजोबांच्या शेतात दिसलेला भोपळा आपल्याशी बोलला, असंही त्या सांगतात. तो मात्र भीतिदायक नव्हता. त्याचं पोट सुटलेलं साधं रूप त्यांना धीर देणारं वाटलं, आणि समुद्राकाठच्या त्या पिवळ्या भोपळ्याचं मूळ तिथे आहे.

१९३९ सालचं, म्हणजे त्याच वयातलं, त्यांचं एक पेन्सिलचित्र उपलब्ध आहे. किमोनो घातलेली, डोळे मिटलेली एक बाई. तिच्या चेहऱ्यावर, कपड्यांवर आणि मागच्या मोकळ्या जागेवर ठिपकेच ठिपके. ठिपके ही पुढे न्यूयॉर्कला गेल्यावर सुचलेली युक्ती होती असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे चित्र जरूर बघावं.

पुढे युद्ध आलं. किशोरवयीन मुलींना कारखान्यात जुंपलं गेलं आणि यायोई पॅराशूटचं कापड शिवू लागली. सुईदोरा हातात आला तो असा, सक्तीने. युद्धानंतर १९४८ मध्ये ती क्योटोला कलाशाळेत गेली. तिथे ‘निहोंगा’ शिकवत. निहोंगा म्हणजे खनिजांची पूड आणि सरस यांपासून केलेल्या रंगांची पारंपरिक जपानी चित्रपद्धती. गुरूने दाखवलं तसंच गिरवायचं, ही तिथली शिस्त तिला जाचली. मात्र बारीक कुंचल्यावरचा ताबा आणि तासन्‌तास एका वस्तूसमोर बसण्याची सवय या दोन गोष्टी तिथून नक्की आल्या, असं मला त्यांची पुढची चित्रं बघताना वाटतं.

पण ठिपकाच का?

जपानी भाषेत ठिपक्यांच्या नक्षीला ‘मिझुतामा’ म्हणतात. मिझु म्हणजे पाणी, तामा म्हणजे मणी किंवा गोळा. पाण्याचे मणी. नक्षी म्हणून ती जपानी कापडावर सर्रास दिसते, त्यामुळे ठिपका कुसामांनी शोधून काढला असं कुणी म्हणत नाही. त्यांनी त्याच्याकडून जे काम करून घेतलं ते वेगळं आहे.

शाळा सुटताना फाटकापाशी उभं राहून बघा. एकसारख्या गणवेशातली तीन-चारशे मुलं एकदम बाहेर येतात आणि पोटचं पोरसुद्धा क्षणभर सापडत नाही. ते तिथेच असतं, पण नक्षीत विरघळलेलं असतं. कुसामा नेमकं हेच करतात. भिंतीवर ठिपके, खुर्चीवर ठिपके, कपड्यांवर ठिपके, मग माणसाच्या अंगावर ठिपके. भिंत कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो ते डोळ्यांना कळेनासं होतं. याला त्यांनी जो शब्द वापरला त्याला मराठीत ‘आत्मविलोपन’ म्हणता येईल, म्हणजे आपली वेगळी कड पुसून भोवतालात मिसळून जाणं.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल की पुसलं जाण्याचीच तर भीती होती, मग तेच मुद्दाम का करायचं? लहान मुलांकडे बघितलं की याचं उत्तर मिळतं. अंधाराला घाबरणारं मूल चादर पांघरून स्वतःच भूत होतं आणि घरभर सगळ्यांना भेडसावत फिरतं. ज्याची भीती वाटते ते स्वतःच्या हाताने, स्वतः ठरवलेल्या वेळी करायचं. टेबलावरची फुलं न विचारता अंगावर आली होती. कुंचल्यातून उमटणारा ठिपका आपण उमटवलेला असतो, आणि हात थांबवला की तो थांबतो.

विमानातून दिसलेला समुद्र

मात्सुमोतोतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात कुसामांना जॉर्जिया ओकीफ या अमेरिकन चित्रकर्तीची चित्रं बघायला मिळाली. ओळख ना देख. त्यांनी तोक्योला जाऊन अमेरिकन वकिलातीतल्या संदर्भग्रंथातून पत्ता शोधला आणि १९५५ मध्ये सरळ पत्र लिहिलं, सोबत आपली जलरंगातली चित्रं जोडली. ओकीफ यांचं उत्तर आलं. अमेरिकेत कलावंताचं जगणं सोपं नाही, असं त्यांनी आडपडदा न ठेवता कळवलं, पण काम लोकांना दाखवत राहा असंही सांगितलं. डोंगरातल्या गावातल्या एका तरुणीला जगप्रसिद्ध बाईचं उत्तर येतं, या प्रसंगाने मी दर वेळी हलते.

१९५७ च्या अखेरीस कुसामा सिअ‍ॅटलला आणि १९५८ मध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. जपानबाहेर पैसा नेण्यावर तेव्हा निर्बंध होते, म्हणून डॉलर कपड्यांत शिवून आणि बुटांत लपवून नेले. विकायला म्हणून साठेक रेशमी किमोनो आणि सुमारे दोन हजार लहान चित्रं बरोबर होती. मागे राहिलेली बरीच चित्रं त्यांनी निघण्यापूर्वी नदीकाठी जाळून टाकली.

पॅसिफिक ओलांडताना खिडकीतून खाली दिसलेल्या लाटांच्या जाळीतून त्यांना पुढच्या कामाची दिशा मिळाली. या चित्रमालिकेचं नाव ‘इन्फिनिटी नेट्स’, म्हणजे अनंत जाळी. पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आधी कॅनव्हासला एका रंगाचा हात द्यायचा. तो वाळला की त्यावर दुसऱ्या रंगाने बोटाच्या पेराएवढे छोटे वळसे काढत जायचं. वळशांच्या मधे खालच्या रंगाचे पुंजके उघडे राहतात. लांबून बघणाऱ्याला जाळं दिसतं. जवळ गेलं की मोकळ्या राहिलेल्या जागा दिसू लागतात, आणि त्या जागा म्हणजे ठिपके! जाळं विणणारा कोळी दोऱ्याकडे बघत असतो, मासा भोकाकडे. ठिपका आणि जाळं या दोन वेगळ्या कल्पना नाहीत, एकाच कापडाची सुलट आणि उलट बाजू आहे.

अशा कॅनव्हासला मध्य नसतो, सुरुवात नसते, शेवट नसतो. काही तर भिंतभर लांबीचे होते, दहा मीटरपर्यंत. चाळीस-पन्नास तास न थांबता रंगवायच्या, असं त्या सांगतात. रामनामाच्या वह्या भरणारे आजोबा तुम्ही पाहिले असतील. दहा हजारावं नाम पहिल्यापेक्षा वेगळं नसतं, पण लिहिणाऱ्याच्या हाताचा थकवा, लय, क्वचित उठलेली घाई, सगळं त्या पानावर उतरलेलं असतं. कुसामांच्या जाळ्यासमोर उभं राहिलं की तसंच काहीसं वाचता येतं. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये दबदबा होता तो संपूर्ण शरीर झोकून रंग फेकणाऱ्या, भव्य हालचालींच्या चित्रकारांचा. त्यांच्या गावात ही परदेशी बाई फक्त मनगट हलवत बसली होती.

ऑक्टोबर १९५९ मध्ये ब्राटा गॅलरीत पाच पांढरी जाळी मांडली गेली. तेव्हा कलासमीक्षा लिहिणारे, पुढे शिल्पकार म्हणून नावाजलेले डोनाल्ड जड यांनी त्यांच्यावर कौतुकाने लिहिलं आणि एक विकतही घेतलं. पुढे नावाजलेले चित्रकार फ्रँक स्टेला यांनी एक जाळं ७५ डॉलरला घेतलं. (१९५९ सालच्याच एका जाळ्याला २०२२ मध्ये लिलावात १ कोटी डॉलरहून जास्त किंमत आली.) पण तेव्हा घरात खायला नव्हतं. बाजारात टाकून दिलेली माशांची डोकी आणि कोबीची बाहेरची पानं उकळून त्यांनी दिवस काढले, आणि झोपायला एक जुनं दार होतं.

रंगाकडून कापडाकडे, कापडाकडून आरशाकडे

१९६२ च्या सुमारास जाळं कॅनव्हासवरून उतरलं. कुसामांनी एक जुनी आरामखुर्ची घेतली आणि कापडाच्या शिवलेल्या, भरलेल्या शेकडो उंचवट्यांनी ती झाकून टाकली. हे उंचवटे उघडउघड पुरुषलिंगाच्या आकाराचे होते. शरीरसंबंधांची त्यांना बालपणापासून धास्ती होती, त्याचं कारण वर आलंच आहे, आणि इथेही तोच उपाय : भीती वाटते ना, मग ती स्वतः शिवायची, आणि शेकड्याने शिवायची. १९६३ मध्ये त्यांनी अख्खी वल्ह्याची होडी अशी झाकली. खोलीच्या भिंतींवर आणि छतावर त्याच होडीच्या फोटोच्या ९९९ प्रती चिकटवल्या. खरी एक धरून हजार. प्रेक्षक चित्रासमोर उभा न राहता चित्राच्या आत शिरला. अशा कामाला मराठीत मांडणशिल्प म्हणतात.

पण हाताने किती शिवणार? इथेच आरसा आला, आणि तो चमचमाटासाठी आला नाही. तो शिवणकाम वाचवण्यासाठी आला! १९६५ च्या ‘फाली’ज फील्ड’मध्ये लाल ठिपक्यांच्या कापडाचे तेच उंचवटे जमिनीवर अंथरले आणि चारी बाजूंना आरसे लावले. शेकड्यांचे अगणित झाले.

हे कसं घडतं ते कळायला केशकर्तनालयाची खुर्ची पुरते. समोर आरसा, पाठीमागे आरसा. समोरच्या आरशात पाठीमागचा आरसा दिसतो, त्यात पुन्हा समोरचा, आणि आपलं डोकं रांगेत दूर दूर जात लहान होत राहतं. खरं तर ही रांग अनंत नसते. प्रत्येक वेळी आरसा थोडा प्रकाश गिळतो, त्यामुळे पुढची पुढची प्रतिमा मंद आणि हिरवट होत जाते. कुसामांनी या उणिवेचा पुढे फार सुंदर उपयोग करून घेतला. २००२ च्या ‘फायरफ्लाइज ऑन द वॉटर’मध्ये खोली काळोखी आहे, खाली पाणी आहे, वर दीडशे छोटे दिवे टांगले आहेत, भिंती आणि छत आरशांचं आहे. एका वेळी एकच माणूस आत जातो. अंधारात आरशांचे सांधे दिसत नाहीत आणि मंद होत गेलेलं प्रतिबिंब दूरचा दिवा वाटतं. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलेल्यांना ही भूल चटकन कळेल. अंतराचा अंदाज जातो आणि आपण कुठे उभे आहोत हेच सुटतं.

१९६६ मध्ये त्या व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात पोचल्या. रीतसर निमंत्रण नव्हतं. हिरवळीवर आरशासारखे १५०० गोळे पसरले आणि सोनेरी किमोनो घालून त्या ते प्रत्येकी १२०० लिऱ्यांना विकू लागल्या. गोळ्यात स्वतःचाच चेहरा दिसायचा, आणि पाटीवर लिहिलं होतं की तुमचं आत्मप्रेम विकायला आहे. आयोजकांनी विक्री बंद पाडली. आज त्यांच्या आरशांच्या खोल्यांत लोक रांगा लावून वीस-तीस सेकंदांसाठी शिरतात आणि पहिलं काम सेल्फीचं करतात, तेव्हा मला ती पाटी आठवते.

“ही तर सगळी आजाराची करामत!”

हा आक्षेप दोन तोंडांनी येतो. काही म्हणतात, मनोरुग्ण बाईचं काम, त्यात काय शोधायचं. काही भारावून म्हणतात, वेडातूनच प्रतिभा येते. दोन्ही मला चुकीचं वाटतं, आणि दुसरं जास्त धोक्याचं.

वस्तुस्थिती अशी. १९७३ मध्ये कुसामा खचलेल्या प्रकृतीने जपानला परतल्या. त्यांचे जिवलग मित्र, लाकडी पेट्यांत वस्तू मांडून अद्भुत कलाकृती करणारे जोसेफ कॉर्नेल, १९७२ च्या अखेरीस वारले होते. त्यांनी दिलेली मासिकांची कात्रणं घेऊन कुसामा चिकटचित्रं करू लागल्या. न्यूयॉर्कमधल्या युद्धविरोधी, नग्न देहांवर ठिपके रंगवण्याच्या जाहीर प्रयोगांमुळे मायदेशात त्यांची बदनामी झालेली होती. १९७७ पासून त्या तोक्योतल्या मनोरुग्णालयात स्वतःच्या इच्छेने राहू लागल्या. जवळच कार्यशाळा घेतली. दिवसा तिथे काम, रात्री रुग्णालयात मुक्काम, हा नेम त्यांनी दशकानुदशकं पाळला.

असा नेम आजार लावून देत नाही. असे भ्रम होणारी असंख्य माणसं जगात आहेत, त्यांतली बहुतेक फक्त सोसतात. कुसामांपाशी क्योटोत कमावलेला हात होता, कारखान्यात आलेली शिवण होती, आणि मदत मागण्याची अक्कल होती. उपचाराच्या जागेपासून पायी जाण्याच्या अंतरावर कार्यशाळा थाटणं हा मला त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो.

“कुणीही काढेल” आणि “हा तर धंदा आहे”

एक ठिपका कुणीही काढेल, खरंच. दहा मीटर कॅनव्हासवर एकसारखे वळसे, कुठेही न फाटता, किती जण काढतील, ते एकदा वहीच्या एका पानावर करून बघा. मी करून पाहिलं. अर्ध्या पानावर मनगट दुखायला लागलं आणि त्याच्या आधी कंटाळा आला.

धंद्याचा आक्षेप जास्त खरा आहे. लुई व्हिताँ या महागड्या ब्रँडशी त्यांनी २०१२ आणि २०२३ मध्ये हातमिळवणी केली. दुकानांच्या काचेमागे ठिपके रंगवणारा कुसामांचा यांत्रिक पुतळासुद्धा बसवला गेला. मला ते बघवलं नाही. ज्या हालचालीत एका बाईचा हात आणि तिची भीती होती, ती मोटारीवर चालवली की मागे नुसती नक्षी उरते. मात्र व्हेनिसमध्ये त्यांना अडवलं गेलं ते स्वतःचं काम स्वतः, थोडक्या पैशांत, येईल त्याला विकल्याबद्दल, हेही विसरू नये. त्याच व्हेनिसमध्ये १९९३ साली त्या जपानच्या अधिकृत प्रतिनिधी म्हणून गेल्या, आरशांच्या खोलीत भोपळे घेऊन.

आणखी एक गोष्ट टाळून चालणार नाही. २००२ च्या आत्मचरित्रात त्यांनी कृष्णवर्णीय माणसांबद्दल हीन शब्द वापरले होते. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रदर्शनाच्या वेळी त्यावर टीका झाली आणि त्यांनी जाहीर खेद व्यक्त केला. जी बाई परक्या शहरात स्वतः बाहेरची म्हणून जगली, तिने हे लिहावं याचं मला वाईट वाटतं. चित्रांबद्दल लिहिताना ते झाकायचं कारण मला दिसत नाही.

पांढरी खोली

२००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड आर्ट गॅलरीत कुसामांनी मुलांसाठी एक खोली केली. साधं घर. टेबल, खुर्च्या, पियानो, कपाट, कपबश्या, आणि सगळं पांढरंफेक. दारात मुलांच्या हातात रंगीत गोल स्टिकरांचा कागद दिला जातो आणि सांगितलं जातं, हवे तिथे चिकटवा.

पहिल्या दिवशी चार-दोन ठिपके टेबलावर पडतात. मग मुलं खुर्चीकडे वळतात, मग भिंतीकडे. उंच मुलं छताला हात पोचतो का बघतात. काही आठवड्यांनी टेबलावरचं कापड, खिडकी, भिंत, छत यांत फरक करता येत नाही. मात्सुमोतोच्या घरात एका मुलीने पळत सुटून जे मागे टाकलं होतं, तेच पुन्हा पसरत जातं. फक्त या वेळी मुलं खिदळत असतात, एकमेकांच्या नाकावर ठिपके लावतात, आणि टेबलावर चहाचा कप नेमका कुठे आहे हे हात लावून शोधतात.